संघ घडविणारे शिक्षक : सय्यद अब्दुल रहीम



वार्तापत्रातील परिचयाच्या पानावर संत, समाजसुधारक, शास्त्रज्ञ आणि स्वातंत्र्यसैनिक यांच्याविषयी आपण आजवर पुष्कळ वाचले. या वेळी आम्ही आपल्याच हैदराबाद शहरातील एका शाळामास्तरांची ओळख करून देत आहोत. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. भारताच्या फुटबॉल संघाने आशियाई क्रीडास्पर्धेत दोनदा सुवर्णपदक मिळविले, एकदा १९५१ मध्ये आणि एकदा १९६२ मध्ये. दोन्ही वेळा संघाचे प्रशिक्षक रहीमसाहेब होते. त्यानंतर आजपर्यंत हे सुवर्णपदक भारताला पुन्हा मिळालेले नाही. २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावर 'मैदान' नावाचा हिंदी चित्रपट निघाला आणि अजय देवगण यांनी त्यांची भूमिका केली. तेव्हा आपल्या मुलांना हे नाव प्रथमच कळले. ज्या शहरात त्यांनी आयुष्य घालविले त्या शहरातल्या मुलांना ते पडद्यावरून कळावे, याचे आम्हाला थोडे वाईट वाटले. म्हणून हा लेख.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. त्या वेळी येथे निजामाचे राज्य होते. त्यांचे उच्च शिक्षण उस्मानिया विद्यापीठात झाले. त्या काळी या विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दू माध्यमातून दिले जात असे. पदवी घेतल्यावर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. काचीगुडा येथील माध्यमिक शाळा, उर्दू शरीफ शाळा, दारुल उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल अशा शाळांतून त्यांनी अध्यापन केले. काचीगुडा आणि चादरघाट ही नावे आपल्या वाचकांना नवीन नाहीत. या भागांत मराठी घरे पिढ्यान् पिढ्या आहेत, आणि आपल्यापैकी अनेकांचे आजी-आजोबा ज्या रस्त्यांनी शाळेत जात, त्याच रस्त्यांनी रहीम मास्तरही जात असत. पुढे त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि दारुल उलूम व चादरघाट या शाळांतील खेळांची जबाबदारी सांभाळली.

विद्यार्थिदशेत ते स्वतः चांगले फुटबॉल खेळत. उस्मानिया विद्यापीठाच्या खेळाडूंच्या 'इलेव्हन हंटर्स' या संघातून ते खेळले, नंतर कमर क्लबकडून खेळले. परंतु खेळाडू म्हणून त्यांचे नाव इतिहासात राहिले असते असे वाटत नाही. त्यांचा खरा गुण वेगळा होता. मैदानावर वीस-बावीस मुले धावत असताना कोणत्या मुलात काय आहे, ते कशाने बाहेर येईल आणि ते कोणत्या जागी उपयोगी पडेल, हे त्यांना दिसत असे. वर्गात चाळीस मुलांकडे एकाच वेळी लक्ष ठेवणाऱ्या शिक्षकाला हे कसब थोडेफार साधते. रहीमसाहेबांना ते फार मोठ्या प्रमाणावर साधले होते.

१९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले. सचिव म्हटले की पत्रव्यवहार, वर्गणी आणि सामन्यांचे वेळापत्रक एवढेच काम आपल्या डोळ्यांसमोर येते. रहीमसाहेबांनी या पदाचा उपयोग वेगळ्या रीतीने केला. शहरातील मुलांसाठी त्यांनी नाना प्रकारच्या स्पर्धा सुरू केल्या. एका स्पर्धेत ड्रिब्लिंगला बंदी होती. म्हणजे चेंडू पायाशी घेऊन एकट्याने प्रतिस्पर्ध्यांना चकवत पुढे जायचे नाही, चेंडू मिळताच तो सोबत्याकडे द्यायचा. दुसऱ्या एका स्पर्धेत खेळाडूने आपला कमजोर पाय वापरायचा. उजव्या पायाने खेळणाऱ्याने डाव्या पायानेच चेंडू मारायचा आणि डावखुऱ्याने उजव्या.

या गमतीच्या स्पर्धा वाटतात, पण त्यांचा हेतू आपण नीट समजून घेतला पाहिजे. नेहमीच्या सामन्यात जो मुलगा चेंडू घेऊन तिघांना चकवतो त्याच्याकडे सर्वांचे डोळे जातात. टाळ्या त्यालाच मिळतात आणि निवडीच्या यादीत त्याचेच नाव पहिले येते. ड्रिब्लिंग बंद केल्यावर मात्र वेगळीच मुले पुढे येतात. चेंडू येण्याआधीच कोणता सोबती मोकळा आहे हे पाहून ठेवणारी, पास देऊन लगेच मोकळ्या जागेत धावणारी, अशी ही मुले. तसेच कमजोर पायाने खेळावे लागले की सगळे नवशिके होतात. मग कोण चिडतो, कोण हसून सोडून देतो आणि कोण पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, हे पाहणाऱ्याला कळते. मुले शिकतात आणि त्याच वेळी मास्तरांना त्यांची पारखही होते. परीक्षा आणि पाठ एकाच तासात उरकण्याची ही हातोटी शिक्षकाचीच आहे असे आम्हाला वाटते.

सचिवपदाबरोबर हैदराबाद शहर पोलिसांच्या संघाचे प्रशिक्षकपदही त्यांच्याकडे आले, आणि हा संघ भारतभर गाजला. मुंबईच्या कूपरेज मैदानावर त्या काळी होणारी रोव्हर्स चषक स्पर्धा ही १८९१ पासूनची, देशातील मानाची स्पर्धा होती. हैदराबाद पोलिसांनी ती १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे जिंकली. ड्युरँड चषकही त्यांनी १९५४ आणि १९५७ मध्ये आणला, आणि आंध्र प्रदेश पोलीस या नव्या नावाने १९६१ मध्ये पुन्हा जिंकला. राज्यांच्या संतोष करंडक स्पर्धेत हैदराबादचा संघ १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षे विजेता ठरला. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर मुंबई होती. म्हणजे त्या काळी मुंबईच्या मराठी प्रेक्षकांना हैदराबादच्या फुटबॉलची चांगलीच ओळख झाली होती.

हे यश डोळ्यांत भरते ते आणखी एका कारणाने. हा काळ शहरासाठी शांत नव्हता. १९४८ मध्ये निजामाचे राज्य संपले, १९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होऊन मराठवाडा मुंबई राज्यात, कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात आणि तेलंगण आंध्रात गेले. फाळणीनंतर काही खेळाडू पाकिस्तानात गेले. जे राहिले त्यांच्यातील उत्तमोत्तम खेळाडूंना कलकत्त्याचे मोठे क्लब बोलावून नेत. ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि मोहमेडन स्पोर्टिंग यांच्यापाशी पैसा होता, लाखो चाहते होते. पोलीस संघापाशी होती ती पोलिसाची नोकरी आणि रहीम मास्तरांचा सराव. चांगला खेळाडू तयार करावा आणि दोन-तीन वर्षांत तो दुसऱ्याने न्यावा, हे त्यांच्या संघाच्या नशिबी होते. तरीही संघ खाली आला नाही, कारण जाणाऱ्याच्या जागी कोण उभा राहील हे आधीच ठरलेले असे आणि तो मुलगा शहरातल्या एखाद्या मैदानावर डाव्या पायाने चेंडू मारत असे.

येथे संघनिवडीविषयी थोडे विषयांतर करणे आवश्यक आहे. अमेरिकेत त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलमध्ये १९३६ पासून एक रीत चालत आली आहे. महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंमधून व्यावसायिक क्लब पाळीपाळीने एकेक खेळाडू निवडतात. आदल्या हंगामात जो संघ सर्वांत खाली राहिला त्याला पहिली पाळी मिळते, म्हणजे दुबळ्याला सावरायला संधी मिळावी. आपल्याकडे २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा भारतीय खेळाडूंची अशीच पाळीपाळीची निवड मुंबईत झाली होती. अशा निवडीत प्रत्येक संघापुढे तोच प्रश्न उभा राहतो. समोर असलेल्यांपैकी सर्वांत गुणी खेळाडू घ्यायचा, की आपल्या संघात ज्या जागी उणीव आहे त्या जागेचा घ्यायचा? आजचा तयार खेळाडू घ्यायचा, की दोन वर्षांनी तयार होईल असा? आणि घेतलेल्या खेळाडूला जो खेळ येतो तोच खेळवायचा, की संघाला हवा तो शिकवायचा?

रहीमसाहेबांपुढे अशी पाळी कधी आली नाही, आणि खेळाडू विकत घ्यायला त्यांच्याकडे पैसाही नव्हता. परंतु हे सर्व प्रश्न त्यांच्यापुढे होते आणि त्यांची उत्तरे त्यांनी आपल्या कामातून दिली. ती उत्तरे राष्ट्रीय संघाच्या इतिहासात स्पष्ट दिसतात.

भारतीय संघाची जबाबदारी त्यांच्याकडे १९५० मध्ये आली. मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिली आशियाई क्रीडास्पर्धा भरली. शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरविले. गोल साहू मेवालाल यांनी केला. स्वतंत्र भारताचा फुटबॉलमधील हा पहिला मोठा विजय.

पुढच्याच वर्षी मात्र मोठा धक्का बसला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा पराभव केला. त्या थंड प्रदेशात आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते. अनवाणी खेळण्यात चेंडूवर ताबा चांगला राहतो असा आपल्याकडे समज होता, आणि कोरड्या मैदानावर तो खोटाही नव्हता. या पराभवानंतर बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. दहा गोल खाल्लेल्या संघाच्या प्रशिक्षकाला खेळाडूंवर, थंडीवर किंवा नशिबावर दोष ढकलणे सोपे होते. रहीमसाहेबांनी युरोपातील संघ कसे खेळतात याचा अभ्यास केला. विशेषतः त्या काळी जगात अग्रेसर असलेल्या हंगेरीच्या संघाची पद्धत त्यांनी लक्षपूर्वक पाहिली. आघाडीचा मधला खेळाडू पुढे उभा न राहता थोडा मागे येऊन खेळतो, त्याच्यामागे बचावपटू ओढला जातो आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरे खेळाडू घुसतात, ही युक्ती त्यांनी आपल्या संघात आणली. आपले खेळाडू युरोपीय खेळाडूंपेक्षा अंगाने लहान आहेत, धक्काबुक्कीत ते टिकणार नाहीत, हे त्यांनी मान्य केले. म्हणून त्यांना हवे होते वेगवान, दोन्ही पायांनी खेळणारे आणि चेंडू पटकन सोडणारे खेळाडू. कोणता खेळाडू निवडायचा हे ठरविण्याआधी आपला संघ कसा खेळणार हे त्यांनी ठरविले होते. निवड त्यानंतरची.

याचे फळ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मिळाले. समर बॅनर्जी कर्णधार होते. हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताचा पहिलाच सामना यजमान ऑस्ट्रेलियाशी, थेट उपांत्यपूर्व फेरीत झाला. भारताने तो ४-२ असा जिंकला. मुंबईचे नेव्हिल डिसूझा यांनी त्यात तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला. पहिला गोल भारताने केला, तोही डिसूझा यांनीच. शेवटी आपण ४-१ असे हरलो, आणि ब्राँझपदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून ३-० असे. भारताला चौथा क्रमांक मिळाला. चार वर्षांपूर्वी ज्या देशाकडून दहा गोल खाल्ले, त्याच देशाविरुद्ध ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात भारत काही काळ पुढे होता, ही गोष्ट पदकापेक्षा कमी नाही. त्याआधी आशियातील कोणताही देश ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचला नव्हता.

मेलबर्नच्या त्या संघात तुलसीदास बलराम नावाचा एक कोवळा तरुण होता. त्याची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. बलराम सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा येथील. घरची परिस्थिती फार बेताची. स्थानिक सामन्यात रहीमसाहेबांनी त्याला हेरले आणि सरावाला बोलाविले. पण अम्मुगुडाहून हैदराबादला रोज जाणे-येणे त्याला परवडणारे नव्हते. रहीमसाहेबांनी भाड्याच्या सायकलीसाठी त्याला पैसे दिले. तो मुलगा सायकलने रोज सरावाला येऊ लागला. पुढे बलराम मेलबर्न व रोम ही दोन ऑलिंपिक खेळले, १९६२ च्या सुवर्णपदक विजेत्या संघात होते आणि त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि बलराम या तिघांची जोडगोळी भारतीय फुटबॉलमध्ये अजून नावाजली जाते. २०२३ मध्ये बलराम यांचे निधन झाले.

या प्रसंगातून एक गोष्ट लक्षात येते. निवड म्हणजे केवळ यादीत नाव लिहिणे नव्हे. नाव लिहिल्यावर तो मुलगा मैदानापर्यंत पोहोचेल कसा, याचीही जबाबदारी निवडणाऱ्यावर येते. सायकलीचे भाडे नसते तर तो मुलगा आला नसता, आणि तो का आला नाही हे कोणी विचारलेही नसते.

१९६० मध्ये रोम ऑलिंपिक झाले. भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू असे तगडे संघ होते. हंगेरीने आपल्याला २-१ असे निसटते हरविले, फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली आणि पेरूने ३-१ असे हरविले. या स्पर्धेतील दुसरी एक गोष्ट पालकांनी आणि विश्वस्तांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. रहीमसाहेबांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हे त्या चमूत होते. वडील प्रशिक्षक आणि मुलगा चमूत. तीन सामने झाले, पण हकीम यांना एकाही सामन्यात मैदानावर उतरायला मिळाले नाही. वडिलांच्या मते त्या दिवशी संघासाठी दुसरे खेळाडू अधिक योग्य होते. घरी त्यावर काय बोलणे झाले असेल त्याची कल्पना कोणत्याही बापाला करता येईल. हकीम यांनी खेळ सोडला नाही. ते पुढे प्रशिक्षक आणि आंतरराष्ट्रीय पंच झाले, २०१७ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता जकार्ता. १९६२ ची आशियाई क्रीडास्पर्धा इंडोनेशियात झाली तेव्हा रहीमसाहेबांना कर्करोगाने ग्रासले होते. त्यातच इस्रायल आणि तैवान यांना यजमानांनी प्रवेश नाकारल्याबद्दल भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला, त्यामुळे तेथील जनता भारतावर संतापलेली होती. भारतीय खेळाडू मैदानावर येताच प्रेक्षक ओरडू लागत. पहिलाच सामना आपण दक्षिण कोरियाकडून २-० असा हरलो. पुढे थायलंडला ४-१ आणि जपानला २-० असे हरवून भारत उपांत्य फेरीत गेला, पण थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचावफळीचा आधारस्तंभ जर्नेलसिंग यांच्या डोक्याला मोठी जखम झाली आणि टाके घालावे लागले.

डोक्याला टाके असलेला बचावपटू उंच चेंडू डोक्याने परतवू शकत नाही. तेव्हा जर्नेलसिंग यांना विश्रांती द्यावी, असे कोणालाही वाटले असते. रहीमसाहेबांना आठवले की जर्नेलसिंग महाविद्यालयात असताना आघाडीला खेळत. त्यांनी उपांत्य सामन्यात त्यांना मध्य आघाडीला उभे केले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धचा तो सामना भारताने ३-२ असा जिंकला आणि त्यातील एक गोल जर्नेलसिंग यांचा होता. खेळाडू आज कोठे खेळतो एवढेच रहीमसाहेब पाहत नसत. तो पूर्वी काय करत होता आणि गरज पडली तर काय करू शकेल, याचीही नोंद त्यांच्या डोक्यात असे.

अंतिम सामना ४ सप्टेंबर १९६२ रोजी पुन्हा दक्षिण कोरियाशी होता. येथेही त्यांना कठीण निर्णय घ्यावे लागले. उपांत्य सामन्यात प्रद्युत बर्मन यांनी गोलरक्षण केले होते. पीटर थंगराज तापाने आजारी होते, पण त्यांची उंची मोठी होती आणि कोरियाचे खेळाडू उंच चेंडूंवर भर देत. रहीमसाहेबांनी आजारातून उठलेल्या थंगराज यांना उतरविले. त्रिलोकसिंग पायाच्या दुखापतीसह बचावाला उभे राहिले. जर्नेलसिंग टाके असलेल्या डोक्याने पुन्हा आघाडीला. आदल्या रात्री रहीमसाहेबांनी खेळाडूंना एकत्र करून आपल्यासाठी या सुवर्णपदकाची भेट मागितली, अशी आठवण त्या संघातील खेळाडू पुढे सांगत.

मैदानावर सुमारे लाखभर प्रेक्षक होते आणि ते जवळजवळ सर्व भारताच्या विरुद्ध होते. आपल्या बाजूने ओरडणाऱ्यांत होता पाकिस्तानचा हॉकी संघ! सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी गोल केला आणि तीनच मिनिटांनी जर्नेलसिंग यांनी दुसरा. कोरियाने शेवटी एक गोल फेडला, पण भारत २-१ असा जिंकला. चुनी गोस्वामी यांच्या या संघात गोव्याच्या कोलवाळचे फोर्तुनातो फ्रँको हेही होते. गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. हैदराबादचे बलराम आणि युसूफ खान, पंजाबचे जर्नेलसिंग, बंगालचे गोस्वामी, गोव्याचे फ्रँको असे वेगवेगळ्या प्रांतांचे, भाषांचे आणि धर्मांचे खेळाडू एका शिक्षकाच्या शब्दावर एक झाले होते.

जकार्ताहून परतल्यावर त्यांची प्रकृती ढासळत गेली. ११ जून १९६३ रोजी वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर २२ वर्षांनी. भारताने १९७० मध्ये बँकॉकला ब्राँझपदक मिळविले, तेव्हा संघाच्या प्रशिक्षकांत रहीमसाहेबांचे शिष्य पी. के. बॅनर्जी होते. त्यानंतर आशियाई क्रीडास्पर्धेत भारताला फुटबॉलचे कोणतेच पदक मिळालेले नाही.

हे चरित्र आम्ही याच अंकात का दिले, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आंतरशालेय स्पर्धांसाठी संघनिवड जवळ आली आहे. दरवर्षी यादी लागली की काही पालक नाराज होतात. आपल्या मुलाला खेळाची महागडी साधने आणून दिली, शिकवणी लावली, तरी नाव नाही, अशी त्यांची खंत असते. काही हितचिंतक कोणाच्या तरी मुलासाठी शब्द टाकतात. दुसरीकडे अशी मुले आहेत की ज्यांच्याकडे बूट नाहीत, ज्यांना सरावासाठी थांबले तर घरी जाणारी शेवटची बस मिळत नाही. ती मुले चाचणीलाच येत नाहीत, आणि म्हणून त्यांच्यासाठी शब्द टाकायला कोणी येत नाही. शाळेचा संघ कोणाचा आहे, हा प्रश्न यातून उभा राहतो, आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी आमची आहे.

क्रीडाशिक्षकांशी विचारविनिमय करून या वर्षी काही गोष्टी ठरविल्या आहेत. एका दुपारच्या चाचणीवर यापुढे निवड होणार नाही. चार आठवडे वर्गावर्गांतील सामने खेळविले जातील आणि त्यांत ड्रिब्लिंग न करण्याचा एक आठवडा व कमजोर पायाने खेळण्याचा एक आठवडा असेल. मुलींचे सामनेही याच नियमांनी होतील. संघाला कोणत्या जागांची उणीव आहे हे आधी लिहून फलकावर लावले जाईल, म्हणजे आपले नाव का आले किंवा का आले नाही हे प्रत्येक विद्यार्थ्याला समजेल. पदाधिकारी, शिक्षक अथवा आमच्या स्वतःच्या नात्यातील मुलांसाठी वेगळा नियम नसेल. विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की सराव करणाऱ्या गरजू मुलांच्या बसभाड्यासाठी आणि बुटांसाठी थोडी तरतूद करावी. रक्कम मोठी नाही. एका सायकलीच्या भाड्याने काय घडू शकते हे आपण वर वाचलेच आहे.

ज्या विद्यार्थ्यांचे नाव यादीत येणार नाही त्यांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. प्रद्युत बर्मन उपांत्य सामना जिंकून देऊनही अंतिम सामन्यात बाहेर बसले, आणि भारताच्या विजयात त्यांचा वाटा कमी झाला असे कोणी म्हणत नाही. शाहिद हकीम रोमला बाकावर बसून राहिले आणि तरीही त्यांचे सारे आयुष्य फुटबॉलमध्येच गेले. निवड त्या दिवसाच्या संघाची होते, तुमच्या आयुष्याची नाही. आज नाव आले नाही म्हणून सराव सोडू नका. काय कमी पडले ते क्रीडाशिक्षकांना जाऊन विचारा. त्यांना तसे सांगण्याची सूचना आम्ही दिलेली आहे.

वर्गांचे सामने पुढील सोमवारपासून शाळा सुटल्यावर सुरू होतील. पालकांनी अवश्य यावे आणि आपल्या मुलाबरोबर इतरांच्या मुलांसाठीही टाळ्या वाजवाव्यात, ही विनंती.

— मुख्याध्यापक